भोंग्यासाठी प्रोसेसर

ताई,

तुला वाकून नमस्कार. (भोंगा खांद्यावर आहे, त्यामुळे अर्धीच वाकले. उरलेला नमस्कार भेटल्यावर पूर्ण करीन.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस की अजून एकेक पायरीवर बसून वर सरकतेस? भाऊजींची तब्येत उत्तम असणार, कारण परवा फोनवर ते अजिबात दमले नाहीत, मीच दमले. इकडे आम्ही बरे आहोत. सासूबाईंना आणखी कमी ऐकू यायला लागलंय, पण त्यांचं म्हणणं आम्हीच हळू बोलायला लागलोय. भोंगा गुटगुटीत आहे, दात एकही नाही, आणि आवाज तू ऐकलास त्याच्या दुप्पट. कारखान्याची पाळी सुटल्यावर वाजतो ना, तस्साच. पोरीला काय म्हणून हाक मारता, असं तू मागे रागावली होतीस, पण एकदा राहायला ये, तूसुद्धा भोंगाच म्हणशील.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. अगं, फोन केला की 'हॅलो' तेवढं तुझं असतं, पुढे भाऊजी स्पीकर चालू करतात आणि मग सगळं त्यांचं. मला तुझ्याशीच बोलायचंय. हे तुमच्या बाजूला लिफ्टच्या कामाला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. तुझ्याच हातात द्या, असं तीनतीनदा बजावलंय. ते 'हो हो' म्हणालेत. (ते लिफ्टच्या दारात अडकलेल्या माणसालासुद्धा असंच 'हो हो' म्हणतात आणि चहाला जातात.)

तर झालं असं. आमच्या कारखान्यातल्या कटिंग मास्तरांचा निरोप आला. माझं तिथलं काम तुला माहीतच आहे. शर्टाचे तुकडे कापडावर असे मांडायचे, की बाही, कॉलर, पाठ सगळं एकमेकांत घट्ट बसेल आणि चिंधी कमीत कमी पडेल. भोंगा पोटात होती तेव्हा शेवटपर्यंत मी त्या मशीनच्या ओळीशेजारी उभी राहून मांडत होते. (हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) आता हे मांडणं कॉम्प्युटरवर आलंय. मास्तर म्हणाले, घरी लॅपटॉप असेल तर घरी बसून कर. शनिवारी एका शर्टाची मांडणी पाठव, नमुना म्हणून. जमलं तर सोमवारपासून काम तुझं. नाही जमलं तर मी दुसरी बाई बघून ठेवलीय, तिला पोरबाळ नाही.

ताई, तूच सांग. कारखान्यात परत जायचं तर भोंग्याला ठेवू कुणाकडे? सासूबाई माया करतात, नाही असं नाही, पण त्यांच्या कुशीत भोंगा तारस्वरात रडत असते आणि त्या मला सांगतात, बघ कशी शांत निजलीय. आणि शाळा अर्ध्यात सुटली, हातात कला म्हणावी तर ही एकच. ती गेली तर मी काय करायचं? मला हल्ली सगळ्याचीच भीती वाटते गं. ती रडली की वाटते. झोपली की त्याहून जास्त वाटते. मग श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरते, त्याने ती उठते, आणि रडते. असा आमचा दिवस जातो.

लॅपटॉप घ्यायचा ठरल्यावर ह्यांनी भाऊजींना फोन लावला. तिथेच चुकलं. तू तेव्हा भाजी आणायला गेली होतीस आणि परत येऊन पुन्हा गेलीस तरी ते बोलतच होते. सुरुवात केली त्यांच्या जुन्या लॅपटॉपपासून, तो माळ्यावर टॉवेलात गुंडाळून ठेवलाय ना, तो. त्याचं नाव काढलं की त्यांचा आवाज भरून येतो. त्याच्या प्रोसेसरची कदर कुणालाच कळली नाही, म्हणाले. मग म्हणाले, लॅपटॉप घेताना रंग बघू नका, काच बघू नका, प्रोसेसर बघा, तोच सगळं काम करतो. मला वाटलं बरं झालं, एकच गोष्ट बघायची. पण त्या एकात कोअर निघाले, कोअरात गिगाहर्ट्झ निघाले, वर पिढ्या निघाल्या.

मी आपलं माझ्या पद्धतीने समजून घेतलं. प्रोसेसर म्हणजे कटिंगचं टेबल. कोअर म्हणजे त्या टेबलावरचे कारागीर. चार कोअर म्हणजे चार कारागीर, आठ म्हणजे आठ. गिगाहर्ट्झ म्हणजे प्रत्येकाचा हात किती चालतो ते. आणि कारागीर वाढवून टेबल लहानच ठेवलं तर एकमेकांची कोपरं लागतात, ते वेगळंच. भाऊजी म्हणाले, अगदी तसं नाही, पण बोलता बोलता थांबले मात्र. पिढ्यांचं मी सासूबाईंना मोठ्याने सांगितलं, की जितकी पुढची पिढी तितकी जास्त हुशार असते. त्यांनी ह्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, दुकानात असेल.

दुकान म्हणजे नुसती काच. दारच कळेना, मी दोनदा भिंतीतून आत जायला बघितलं. आत टेबलांवर लॅपटॉप उघडून ठेवलेले, प्रत्येकाला साखळी. (त्याने माझी भीती जरा कमी झाली. बांधलेले होते.) एक टाय लावलेला पोरगा आला. त्याचं नाव त्याने सांगितलं, पण माझ्या लक्षात राहिला तो टायच, कारण पहिल्याच मिनिटाला भोंग्याने तो पकडला. तिच्या मुठीतून वस्तू सोडवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही. त्यामुळे बिचाऱ्याने आम्हाला सगळे प्रोसेसर वाकूनच समजावले. तीन नंबरचा साधा, पाच नंबरचा मधला, सात नंबरचा जोरदार. मधेच हे पुढे झाले. तुला माहितीय ह्यांची सवय, कुठलंही यंत्र दिसलं की कान लावतात. सात नंबरवाल्याला कान लावला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले,

"हा बंद आहे."

"चालू आहे सर."

"मग आवाज का नाही?"

"हीच तर खासियत आहे सर. थंड राहतो, पंखा फिरायची वेळच येत नाही."

ह्यांनी मान हलवली. लिफ्टच्या धंद्यात आवाज न करणारं यंत्र म्हणजे गेलेलं यंत्र. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. आमच्या ओळीतलं मशीन गप्प झालं की मास्तर धावत यायचे.

एवढ्यात भोंग्याने टाय सोडला आणि सूर लावला. ताई, काय सांगू! पार पलीकडे फ्रिज बघणारी माणसं दारं बंद करून उभी राहिली. मी घाबरून तिला उचललं, घेऊन फिरले, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी टेकले. तिथे तीन नंबरचा होता, सगळ्यांत स्वस्त, शेवटचा उरलेला. त्याच्यावर कुणीतरी एकदम दहा कामं लावून सोडली होती आणि तो बिचारा धापा टाकत होता. घर्रर्र करायचा, मग जरा दम घ्यायचा, मग परत घर्रर्र. आणि ताई, भोंगा गप्प! नुसती गप्प नाही, डोळे मिटले, तोंड उघडं, मान माझ्या कोपरात. मी एक पाऊल बाजूला झाले, की ओठ थरथरले. परत टेबलाशी आले, की घोरायला लागली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, तो आवाज आमच्या मशीनच्या ओळीचा होता! शिवण सुरू, घर्रर्र, टोकाला थांबायचं, कापड वळवायचं, परत घर्रर्र. पोरगी नऊ महिने तेच ऐकत पोटात निजली होती. मी तिला अंगाई म्हणून म्हणून घसा बसवला आणि तिला हवं होतं ते मशीन.

मी टायवाल्याला म्हटलं, हाच द्या. त्याचा चेहरा असा झाला, जसं काही मी नासकं दूध मागितलंय. "ताई, हा दुकानातला सगळ्यांत कमजोर आहे," म्हणाला, "थोडं काम दिलं की तापतो, किंचाळतो." मी म्हटलं, तोच हवा. त्याने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी भाऊजींना फोन लावला. (तिथे दुसऱ्यांदा चुकलं.) भाऊजी इतक्या मोठ्याने 'नाही' म्हणाले की झोपेतल्या भोंग्याने मूठ आवळली. दोन शहाणे पुरुष एकीकडे, आणि मी अशी भित्री. सात नंबरचा घेऊन घरी आले.

यंत्र चांगलं आहे, उगाच नावं ठेवू नये. बाह्या, कॉलरी, खिसे काचेवर बोटाने सरकवते तसे सरकतात. सगळं मांडून झालं की एक बटण दाबायचं, मग तोच हजारदा उलटसुलट करून बघतो की आणखी घट्ट बसतंय का. भाऊजींनी सांगितलं होतं, ह्याच कामात प्रोसेसरचा कस लागतो. कसला कस! मी बटण दाबलं, भोंग्याला थोपटायला वळले, परत बघते तर झालेलं. आवाज नाही, धग नाही, काही नाही. इतका हुशार लॅपटॉप आणि त्याच्याशेजारी ही बोंबलतेय. एका हाताने तिला हलवायचं आणि एका हाताने कॉलर बसवायची. कॉलर बसायची आणि ही उठायची.

मग आम्ही उपाय सुरू केले. टेबलफॅन लावला. तो एकसुरी, मधे थांबत नाही, भोंग्याला लगेच कळलं की हा आपल्यातला नाही. ह्यांनी ड्रिल आणलं, त्याने भोंगा हसायला लागली आणि खालचे लोक वर आले. सासूबाईंनी मिक्सर धरला, सुरू-बंद, सुरू-बंद. त्याला मात्र ती निजली! पण सासूबाईंना आवाज जाणवत नसल्याने रिकामा मिक्सर किती वेळ चाललाय ते कळेना, आणि तो जळाला. शेवटी हे दुकानात जाऊन त्या तीन नंबरवाल्याचा आवाज फोनमध्ये भरून घेऊन आले. जमलं, ताई, खरंच जमलं! मी लॅपटॉप उघडला, पहिली बाही लावली, आणि आवाज तोडून फोन वाजला. भाऊजी. 'काय, कसा पळतोय प्रोसेसर?' दिवसातून इतक्यांदा विचारतात की हल्ली भोंग्याला त्यांची रिंग ओळखू येते. आणि फोन बंद ठेवायचा तर मास्तरांचे निरोप त्यावरच येणार.

शनिवार उजाडला. मांडणी निम्मी बाकी होती. मग मनाचा हिय्या केला, एका काखेत लॅपटॉप, एका काखेत भोंगा, आणि गेले दुकानात. म्हटलं, हा परत घ्या आणि तो कमजोर द्या. टायवाला म्हणाला, "ताई, जास्त ताकदीचा मागायला लोक परत येतात. कमी ताकदीचा मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." बदलून मिळणार नव्हता, डबा फोडलेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बरं, निदान त्याच्याशेजारी बसू द्या. त्याने इकडेतिकडे बघितलं, भोंग्याने श्वास आत घेतलेला बघितला, आणि गुपचूप स्टूल दिलं. वर स्वतःहून त्या तीन नंबरवाल्यावर जेवढी होती नव्हती तेवढी कामं लावली. तो किंचाळला, ही निजली. धग लागू नये म्हणून मी तिला हातभर लांब, माझ्या शालीवर ठेवली, आणि कामाला लागले.

काय काम झालं गं! कित्येक महिन्यांनी माझे दोन्ही हात माझे होते. पाठ बसली, पुढचे भाग बसले, खिसे त्यांच्या पोटात घुसले. भीती कुठे गेली ते कळलंच नाही. माझ्याकडे बघून गिऱ्हाइकं थांबायला लागली, मला दुकानातलीच समजून विचारायला लागली की बाई, कुठला घेऊ. मी मान वर न करता सांगत होते, कारागीर किती लागतात ते आधी ठरवा, पत्र लिहायला आठ कारागीर कशाला? टायवाला लांबून ऐकत होता. थोड्या वेळाने तोही गिऱ्हाइकाला कारागीर सांगायला लागला.

मग आले एक आजोबा. डोळे लालभडक, हातात काठी. त्यांनी तीन नंबरवाल्याबद्दल विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की काम हळू करतो, तापतो, ओरडतो, त्यातल्या त्यात एक गुण म्हणजे ही बघा कशी निजलीय. आजोबा भोंग्याकडे बघत राहिले. मग स्टूल ओढून बसले. मग त्यांची मान पुढे पडली. जागे झाले ते पाकीट काढतच. "पोरी, वर्षं झाली मला अशी झोप लागून," म्हणाले, "हाच द्या." मी टायवाल्याकडे बघितलं. तो तरी काय करणार, विकायलाच ठेवलेला. साखळी सोडली, वायर काढली, घरघर थांबली.

आणि भोंगा वाजली.

दोन बाह्या आणि एक कॉलर राहिली होती, ताई. हातभर काम. मला वाटलं संपलं, ती बिनपोराची बाई जिंकली. तेवढ्यात टायवाला आला, गिऱ्हाइकांकडे पाठ केली, वाकला आणि आपला टाय भोंग्याच्या हातात दिला. तिने तो तोंडात घातला. मी बाह्या लावल्या, कॉलर लावली, बटण दाबलं, आणि तिथूनच मास्तरांना पाठवून दिलं. टाय धुऊन देते म्हटलं तर नको म्हणाला. त्याचा रंग आता भोंग्याच्या हनुवटीवर आहे.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. कापड चांगलं वाचलंय, म्हणाले, एक कॉलर तेवढी उलटी आहे, ती का? मी सांगितलं, ती टाय ओला होत होता तेव्हाची आहे. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, सोमवारपासून काम सुरू कर, महिनाभर बघतो, पण रोजची मांडणी रोज हवी, आणि कॉलर सरळ हवी.

तर असं सगळं गोड झालं. हे खूश आहेत. सासूबाईंना मी मोठ्याने सांगितलं, त्याही खूश झाल्या, कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. तू माझी काळजी करू नकोस, गुडघ्याला जप, पायरीवर बसताना खाली बघून बस. आम्हाला आता कसली म्हणून कमी नाही.

तुझी धाकटी

ता. क. कमी नाही म्हटलं खरं, पण सोमवारचं काय, ते माझं मलाच कळत नाहीये. घरातला लॅपटॉप गप्प आहे, मिक्सर जळालाय, कमजोर लॅपटॉपवर आजोबा झोपलेत आणि टायवाल्याला रोज घरी बोलावता येत नाही.

आणखी ता. क. भाऊजींचा तो माळ्यावरचा जुना लॅपटॉप अजून चालू होतो का गं? तूच म्हणाली होतीस ना, लावला की वरच्या मजल्यावरचे लोक विमान आलं म्हणून गच्चीत जायचे? मधेमधे दम घेतो का तो? घेत असेल तर ह्यांच्या पिशवीत गुपचूप घालून दे. काम मी माझ्या सात नंबरवाल्यावरच करीन, तो नुसता भोंग्याच्या पाळण्यापासून हातभर लांब ठेवीन. टॉवेलात त्याच्या मापाची लाकडी फळी गुंडाळून माळ्यावर ठेव. भाऊजी वर चढत नाहीत, नुसतं खालून बघून उसासा टाकतात. फळीकडे बघूनही तेवढाच येईल. आणि काही झालं तरी त्यांना हे पत्र दाखवू नकोस.

शेवटचा ता. क. भाऊजी, नमस्कार. ह्यांनी पत्र तुमच्याच हातात दिलं असणार आणि तुम्ही चष्मा लावून इथपर्यंत आला असणार. फळीचं मनावर घेऊ नका, मी घाबरले की काहीही लिहिते. तुमच्या त्या लॅपटॉपच्या प्रोसेसरची कदर कुणालाच कळली नाही, असं तुम्ही म्हणाला होता. आमच्या घरात एक आहे, तिला कळेल. दात नाहीत, पण कान फार चांगले आहेत. तेवढा टॉवेलासकट द्या. आणि सोमवारी फोन करू नका.